डर्बीची छबूबाई

कन्हेरी, ता. बारामती
२१ ऑक्टोबर १९५५

रतन,

आशीर्वाद. लांबलचक मायना घालत नाही, कारण हे निळं हवाई पत्र एवढंसं असतं आणि त्यातली निम्मी जागा घड्या खातात. जावईबापूंना माझा आशीर्वाद सांग.

तुझं तिथलं पहिलं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला विलायतेचं आहे, जपून फाडा. मी विळीच्या टोकानं उघडलं. बोटीवरचं सगळं वाचलं, डर्बी गावचं वाचलं. साखरेची यंत्रं घडवणाऱ्या कारखान्यात मोहनराव दोन वर्षं काम शिकणार आणि तोवर तुम्ही दोघं त्या एका खोलीत राहणार, हेही कळलं. तुला चूल पेटवावी लागत नाही याचं छबूबाईला फार कौतुक वाटलं. बाजारात ती माझ्या शेजारी बसते, तेव्हा तुझी पत्रं तिला ऐकवावीच लागतात.

पण एक गोष्ट मला बोचली. कोपऱ्यावरच्या दुकानात भाजी इतकी महाग की एक कोबीचा गड्डा तू आठवडाभर पुरवतेस, आणि बाकी पाव-बटाट्यावर भागवतेस, असं तू लिहिलंस. सणसरला तुझ्या सासरी सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मांस-अंडं तुला चालत नाही, मग भाजी नाही तर खाणार काय? इथं मेथीचा भाव उतरला म्हणून मी परवा दोन पाट्या गाईपुढं टाकल्या, आणि पोरगी तिकडं कोबीची पानं मोजते. गाईकडं बघवेना.

तर ऐक. दुकान हे अडीनडीला. जिथं चार माणसं राहतात तिथं बाजार भरतोच. दुकानदार तुला सांगणार नाही. रिकामी पिशवी घेऊन झपझप निघालेली बाई दिसली की तिच्या मागं जा, बाजार सापडेल.

गेल्या गेल्या घेऊ नकोस. आधी एक फेरी नुसती मार. विकणारीचा माल नंतर बघायचा, पहिल्यांदा हात बघायचे. नखांत माती असली तर ती स्वतः पिकवणारी, तिच्याकडं घे. मग दर खेपेला तिच्याचकडं जा. आणि पैसे दिल्यावर वरची मूठ घ्यायला विसरू नकोस. दोन मिरच्या असोत, चार गवारीच्या शेंगा असोत. मागायची नाही, आपल्या हातानं उचलायची आणि हसून पिशवीत टाकायची. जी उचलत नाही ती पुन्हा येणार नाही असं विकणारी धरून चालते. तुला हे सांगायला नको, तू माझ्या पाटीमागं वाढलीस. पण परक्या गावात माणूस बुजतं, म्हणून लिहिलं.

इकडं कॅनॉलची पाळी वेळेवर आली. वांगी बरी आहेत. तुझे आबा असते तर म्हणाले असते, यंदा खत जास्त पडलं. रोज काही ना काही ते म्हणाले असते असं वाटतं.

तुझी आई
मुक्ता


डर्बी
६ नोव्हेंबर १९५५

ती. आईस,

रतनचा नमस्कार.

तू सांगितलंस तसंच केलं. खिडकीत उभी राहिले. समोरून एक म्हातारी रिकामी पिशवी घेऊन निघाली, तिच्या मागं मागं गेले. ती आधी दातांच्या डॉक्टरकडं गेली. मी बाहेर थांबले. ती बाहेर आली, मला पाहून जरा घाबरली, पण मग खरोखरच बाजारात गेली.

आई, उघड्यावरचा बाजार आहे. कापडाची छतं, ओरडाआरडा, पायाखाली कोबीची पानं. डोळे मिटले तर बारामती. शनिवारी दुपारनंतर ते भाव पाडत जातात, कारण रविवारी सगळं बंद. दुकानातल्या एका गड्ड्याच्या पैशात इथं पिशवी भरली. गाजरं, कांदे, पांढऱ्या गाजरासारखा एक गोडसर कंद, आणि कोबीची पिल्लं. खरंच, सुपारीएवढाले कोबीचे गड्डे असतात. तेलात मोहरी-हळद घालून परतले तर आपल्या कोबीसारखेच लागतात. तूरडाळ नाही, पण सुक्या वाटाण्याची पिवळी डाळ मिळते. तिची आमटी केली. हे दोनदा वाढून घेऊन जेवले आणि म्हणाले, आज घरी जेवल्यासारखं झालं.

फेरी मारली, हात पाहिले. एकीच्या नखांत माती होती. जाडजूड, डोक्याला रुमाल, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना दुसऱ्याच गिऱ्हाइकावर ओरडते. हुबेहूब आपली छबूबाई. मी तिचं नाव डर्बीची छबूबाई ठेवलंय. फक्त एक गोष्ट वेगळी. इथं माळव्याला हात लावू देत नाहीत. आपण बोट दाखवायचं, ती मागच्या ढिगातलं उचलून पिशवीत टाकते. दिलं ते घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. मला दिवस राहिलेत. दुसरा महिना सरत आला. इथल्या दवाखान्यात बायकांना पैसे पडत नाहीत. त्यांनी वजन केलं आणि तू कमी आहेस, खा, असं बजावून सांगितलं. मागच्या खेपेला सणसरला असताना पोटातलं गेलं, ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, म्हणूनच जास्त खा.

आई, मी खाते आहे. काळजी करू नकोस.

तुझी
रतन


कन्हेरी
२५ नोव्हेंबर १९५५

रतन,

आशीर्वाद, आता दोघांना.

तुझं पत्र वाचून मी मळ्यातल्या पाटाच्या काठावर जाऊन बसले. आनंद झाला असं लिहायला हात धजत नाही. मागच्या खेपेला लवकर आनंद केला होता. सणसरहून निरोप आला तेव्हा मी डिंक खलबत्त्यात कुटत होते, ते तसंच राहिलं. त्यावर आता जास्त लिहीत नाही. तुझ्याही डोक्यात तेच असणार. या वेळी पोटाला कमी पडू द्यायचं नाही, एवढं एकच काम तुला आहे. बाकी जग मोहनराव बघतील.

छबूबाईला तिच्या विलायती बहिणीचं सांगितलं. ती तासभर गिऱ्हाईक सोडून तेच बोलत होती. मला म्हणाली, "व्हय गं मुक्ता, ती माझ्यावानी हाय म्हंजी गोरी हाय का जाडी हाय, येक काय ते नीट इचार." मी म्हटलं, ओरडते म्हणे. तर म्हणाली, "मग बाई चांगली हाय."

तुझ्या सासूबाई सिंधुबाई गुरुवारी बारामतीला कापडाला आल्या होत्या. बाजारातून जाताना माझ्या पाटीशी थांबल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या सुनंला तितं बी बाजारात हिंडाया लावलं का तुमी? उसाच्या घरात आम्ही माळवं आणाया गडी धाडतो." मी म्हटलं, डर्बीत गडी नाही. त्यांनी वांगी घेतली, पैसे दिले आणि वरची चार वांगी स्वतःच्या हातानं उचलली. उसाच्या घरालाही ते जमतं.

त्यावरून आठवलं. तू वरची मूठ घेतेस की नाही ते लिहिलंच नाहीस. हात लावू देत नाहीत म्हणे. हात न लावता वांगं कळतं होय कुणाला? तू भिडस्त आहेस, आबांवर गेलीस. पैसे दिले की बिनदिक्कत उचल. तुला आता दोघांचं खायचं आहे. ती पिकवणारी बाई आहे, तिला राग येणार नाही. उलट आपली म्हणून ओळखेल.

तुझी आई


डर्बी
१८ डिसेंबर १९५५

ती. आईस,

नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इथं थंडी फार आहे. दुपारीच अंधार पडतो आणि धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही. म्हणून सध्या कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणते. जवळ पडतं. बटाटे असतात, पाव असतो.

प्रकृती ठीक आहे. ह्यांना काम जास्त आहे. घरमालकीण चांगली आहे, तिनं लोकरीचे मोजे दिले.

वांग्यांना काय भाव आहे? छबूबाईला नमस्कार.

रतन


कन्हेरी
६ जानेवारी १९५६

रतन,

आशीर्वाद.

मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. तुझे आबा गेल्यावर वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर मी वाचायला शिकले. पुडीच्या कागदावर बातमी अर्धीच असायची. वरचा भाग फाटलेला, खालचा तेलानं भिजलेला. उरलेली ताडायची सवय तेव्हापासून लागली. तुझं पत्र मला पुडीच्या कागदासारखं वाटलं.

थंडीमुळं तू बाजार सोडणार नाहीस. माघाच्या गारठ्यात पहाटे गाडीत बसून तू माझ्याबरोबर येत होतीस, आणि उठवायला गेले तर आधीच चपला घालून बसलेली असायचीस.

माझा तर्क असा. सिंधुबाईंनी सणसरहून तिकडं लिहिलं असणार, आणि मोहनरावांनी तुला बाजारात जायची बंदी केली असणार. उसाच्या घरची सून पिशवी घेऊन हिंडते याची लाज वाटली असेल. माणूस चांगला आहे, पण आईचा शब्द खाली पडू देत नाही. तू त्यांच्याविरुद्ध मला लिहिणार नाहीस हेही मला कळतं. म्हणून मीच त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. जावयाला सासूनं असं लिहू नये, पण लिहिलं. माझ्या लेकीच्या पोटापुढं कुणाची अब्रू मोठी नाही, असं लिहिलं.

तू मला एवढंच कळव, काल तुझ्या ताटात काय होतं. खरं लिही.

तुझी आई


डर्बी
२२ जानेवारी १९५६

ती. आईस,

नमस्कार. काल ताटात पाव होता, बटाटा होता आणि चहा होता. परवाही तेच.

ह्यांना तुझं पत्र मिळालं. त्यांनी मला कधी काही बंदी केलेली नाही, आई. त्यांना तर वाटत होतं मी दर शनिवारी बाजारात जाते. मी शनिवारी पिशवी घेऊन निघायची, कोपऱ्यावर बटाटे घ्यायची, आणि वेळ काढायला देवळाच्या पायऱ्यांवर बसायची. इथलं देऊळ म्हणजे चर्च. आमटी का करत नाहीस विचारलं की वास सहन होत नाही म्हणायची. तुझं पत्र त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "रतन, तुझ्या आईनं मला नाही नाही ते लिहिलंय. ते मी ऐकून घेईन. पण नक्की काय झालंय ते मला कळू दे." मग मी सांगितलं. तुलाही सांगते.

डिसेंबरात एका शनिवारी मी डर्बीच्या छबूबाईकडं गेले. गाजरं घेतली, कांदे घेतले, पैसे दिले. तुझं पत्र नुकतंच आलं होतं. मी मनाचा धडा केला, कोबीच्या पिल्लांची एक मूठ उचलली, हसले आणि पिशवीत टाकली. तिनं माझं मनगट धरलं. ओरडून काहीतरी म्हणाली. त्यातला एकच शब्द मला शाळेच्या पुस्तकातला ठाऊक होता, आणि तो चोराचा होता. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. एका माणसानं पोलिसाला हाक मारली. पोलीस आला. मला एक शब्द इंग्रजी सुचेना. जे यायचं तेही गेलं. त्यानं पोटावर धरलेल्या माझ्या हाताकडं पाहिलं, तिच्याशी काही बोलला, आणि मला हातानं खूण केली, जा. मी पिशवी तिथंच टाकून आले. पैसे दिलेलं माळवंसुद्धा.

तुला लिहिलं नाही ते एवढ्यासाठी, की तू स्वतःला बोल लावून घेशील. तू लिहिलंस म्हणून मी केलं असं तुला वाटेल. पण मी तर लहानपणापासून बघत आले. उचलताना मला क्षणभरही वाटलं नाही की हे काही वेगळं आहे.

आता दुसरं. दवाखान्यात वजन केलं. वाढायचं तर उतरलंय. तिथली बाई ह्यांना बोलावून बोलली. हे म्हणतात, तुला इथं खायला मिळत नाही तर मार्चच्या बोटीचं तिकीट काढतो, आईकडं जा. मला तुझ्याकडं यायचंय, आई. रोज येते मनात. पण तीन आठवडे समुद्र, तोही सातव्या महिन्यात. येताना बोटीवर मी कशी पडून होते ते तुला लिहिलं होतं. मागच्या खेपेला सणसर ते बारामती एवढ्याशा वाटेत गाडीच्या धक्क्यांनी काय झालं ते तुला माहीत आहे. मला भीती वाटते. इथं राहिले तरी भीती, निघाले तरी भीती. फेब्रुवारी संपायच्या आत तिकिटाचं ठरवायचंय.

तू सांगशील तसं करीन.

रतन


कन्हेरी
३ फेब्रुवारी १९५६

रतन,

आशीर्वाद. आधी मोहनरावांना सांग, सासूनं चुकीचं लिहिलं. त्यांच्या नावानं वेगळं पत्र लिहितेच आहे.

काल बाजारात छबूबाईला सगळं वाचून दाखवलं. ती त्या बाईला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "आपल्या हितं तांबडं पागोटंवाला कुणी आनवळखी आला, न बोलता पाटीत हात घातला, तर मी काय केलं असतं? मनगाट न्हाय, मानगूट धरलं असतं." तेव्हापासून मी तेच घोळवते आहे.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. तुझे आबा गेले त्या वर्षी वांगी फार आली आणि बारामतीत कुणी विचारीना. आपल्या शेजारच्या गेणबाच्या बैलगाडीत माल घालून मी इंदापूरच्या रविवारच्या बाजाराला गेले. बायका आल्या, भाव केला, पैसे दिले, उठल्या. एकीनंही वरचं उचललं नाही. दुपारपर्यंत हेच. मला वाटलं, माझं मोकळं कपाळ बघून घेत नाहीत. विकत घेतलेलं चालतं, पण विधवेच्या पाटीतलं फुकटचं नको. मान वर करवेना. शेजारी वरकुट्याची झुंबर म्हणून एक बाई कांदा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अवो बाई, तुमी हातानं घाला की. हितं इकणारीनं घालायचं असतंय. त्येंनी उचललं तर भांडान हुतंय." मग पुढच्या गिऱ्हाइकाला मी हातानं दोन वांगी घातली. ती हसून घेऊन गेली. कपाळाचा काही संबंध नव्हता.

बारामतीचा रिवाज इंदापुरात चालत नाही हे मला ठाऊक होतं, रतन. आणि मी तो तुला विलायतेत चालवायला सांगितला. मी स्वतःला बोल लावत बसणार नाही, तेवढा वेळ आपल्याला नाही. पण तुला चोर म्हणाली ती बाई वाईट नाही आणि तू चोर नाहीस, एवढं मनात पक्कं कर.

बोटीनं येऊ नकोस. तू आलीस तर माझ्या डोळ्यांपुढं राहशील म्हणून जीव ओढतो. पण हा लोभ माझा आहे, त्यात तुझं हित नाही. तिथं दवाखाना आहे, हसतमुख नवरा आहे, आणि भरलेला बाजार आहे. कमी आहे ती तुझ्या पायात.

जा तिच्याकडं. दुपारी नको. गर्दीत विकणारीला कुणाचं ऐकू येत नाही, मला येत नाही. सकाळी, ती माल उतरवत असेल तेव्हा जा. आपल्याकडं डोक्यावर पाटी घेऊन आलेली दिसली की जवळची बाई उठून हात लावते. भांडण असलं तरी आधी पाटी उतरवायची आणि मग भांडायचं. हा रिवाज कुठं चालत नसेल असं मला वाटत नाही. वजन उचलू नकोस, नुसता हात लाव. मग जे म्हणायचं ते म्हण. काय म्हणायचं ते मोहनरावांकडून इंग्रजीत पाठ करून घे.

तिनं पुन्हा हाकललं तर दुसरी बघू. बाजारात एकच पाटी नसते.

तुझी आई


डर्बी
१९ फेब्रुवारी १९५६

ती. आईस,

नमस्कार. काल गेले.

ह्यांनी चार वाक्यं घोकून घेतली होती. हेही येणार होते, पण मी कोपऱ्यावर थांबा म्हटलं. बर्फ पडलं होतं. ती गाडीतून पोती उतरवत होती, एकटीच. मी गेले आणि गाजराच्या पोत्याच्या कानाला हात लावला. तिनं वर न बघताच पोतं ओढलं आणि आम्ही दोघींनी ते खाली ठेवलं. दुसऱ्या पोत्याच्या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं. आधी पोटाकडं, मग तोंडाकडं.

"तू त्या दिवशीची ना," ती म्हणाली. तिचं बोलणं मी मराठीत लिहिते, मला कळलं तसं.

मी म्हटलं, हो. आणि चारही वाक्यं एका दमात बोलून टाकली. माझी आई हिंदुस्थानात भाजी विकते. आमच्याकडं पैसे दिल्यावर गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं थोडं जास्त घेतं. तो रिवाज आहे. मी चोरी केली नाही.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, "सगळेच घेतात?"

"सगळेच."

"मग तुझ्या आईला परवडतं कसं?"

ह्याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी आपलं जमेल तसं सांगितलं, की आई आधीच भाव वाढवून सांगते.

आई, ती हसायला लागली. इतकी हसली की शेजारच्या मासळीवाल्याला बोलावून तिनं ते पुन्हा सांगितलं. तोही हसला. मग तोंड पुसून मला म्हणाली, "इथं तसं नाही हं, पोरी. इथं जे पाहिजे ते मागायचं. नाही म्हटलं तर नाही. पण हात घालायचा नाही." मी म्हटलं, कळलं. मग तिनं विचारलं, कितवा महिना. मग विचारलं, खातेस काय. मी पाव-बटाटा म्हटलं तर तिनं असा चेहरा केला की मला तू आठवलीस. गाजरं, कोबी, कांद्याची एक लांब जात असते ती, सगळं पिशवीत भरलं. पैसे चोख घेतले. एक पैसाही सोडला नाही. माल मात्र मागच्या ढिगातला दिला नाही, पुढं मांडलेला निवडक दिला.

हे कोपऱ्यावर गारठून उभे होते. पिशवी दिसताच ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली. घरी आमटी केली. मी दोन वेळा वाढून घेतलं. रात्री हे म्हणाले, तिकिटाचं आत्ता राहू दे, पुढच्या वजनापर्यंत बघू. मला वाटतं वजन वाढेल. पोटातलं आज पहिल्यांदाच इतकं हलतंय.

तुझी
रतन

ता. क. तिचं नाव डोरा आहे. पण छबूबाईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.


कन्हेरी
८ जून १९५६

रतन,

आशीर्वाद. दोघींना.

तू परक्या मुलखात माझ्या धंद्यातलं गुपित सांगून मोकळी झालीस, याबद्दल मार्चच्या पत्रात मी तुला बोलले होते. ते परत घेते. एप्रिलच्या पत्रात वजन वाढल्याचं वाचलं तेव्हाच घेतलं होतं, पण लिहायची हिंमत होत नव्हती. सगळं सुखरूप पार पडेपर्यंत चांगलं काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

काल गुरुवार. बाजार भरात होता. गेणबा कन्हेरीहून सायकल मारत आला, घामानं भिजलेला, हातात तारेचा लिफाफा. आपल्याकडं तार कशासाठी येते ते तुला माहीत आहे. तुझ्या आबांचा भाऊ गेला तेव्हा आली होती तशी. गेणबानं लिफाफा पुढं केला. मी फोडला. आत इंग्रजी.

मी इतकी वर्षं पुड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, मिळेल तिथं वाचत आले, आणि काल माझ्या हातात माझ्याच लेकीचा कागद होता आणि मला एक अक्षर कळेना. छबूबाईनं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. समोरच्या ओळीतल्या बायका उठून आल्या. एकीनं माझा तराजू बाजूला सारला. कुणी रडायला लागलं की काय ते मी पाहिलं नाही. मी उठले आणि चालायला लागले. औषधाच्या दुकानात तो चष्मेवाला मुलगा बसतो, त्याला इंग्रजी येतं एवढं मला माहीत होतं. दुकान लांब नाही. पण काल ते फार लांब गेलं होतं. वाटेत मला मागच्या खेपेचा डिंक आठवत होता, दुसरं काही नाही.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "सांग बाबा, काय असंल ते."

तो म्हणाला, "मावशी, मुलगी झाली. दोघी खुशाल हायेत."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग दुकानाच्या फळीवर बसले. त्यानं पाणी दिलं. मागं वळून पाहिलं तर निम्मा बाजार माझ्या मागं आला होता. सगळ्या बायका वाटेवर उभ्या, माझ्या तोंडाकडं बघत. मला बोलायला येईना, म्हणून मी नुसती मान हलवली. तर छबूबाईनं ती उलटीच घेतली आणि गळा काढला. शेवटी त्या मुलानंच बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं. मग काय झालं ते पत्रात मावणार नाही. आमच्या पाट्यांवर तोवर गाई येऊन गेल्या होत्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सणसरला गेणबाला पाठवलं. सिंधुबाईंनी त्याला साखर दिली आणि स्वतः दारापर्यंत आल्या म्हणे.

संध्याकाळी मळ्यात गेले. तुझ्या आबांना सांगावं तसं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. पण म्हटलं. मग पाणी धरलं.

आता तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. नाव तुम्ही दोघांनी ठरवा. सिंधुबाई काही सुचवतील, ते चांगलं असलं तर ठेवा. आबांच्या आईचं नाव ठेवलं तर मला आवडेल. फक्त मुक्ता ठेवू नका. ते नाव मला अजून बराच काळ लागणार आहे.

तुझी आई